रोजची हॉट हॅच ट्रॅकवर नेताना

“स्टॉक गाडी, म्हणजे काहीही न बदललेली, ट्रॅकवर चालेल का?” असं विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा एखादी हॉट हॅच, म्हणजे छोटी पण जोरकस इंजिनाची हॅचबॅक असते: पोलो जीटी, नाहीतर आय२० एन लाइन, आणि हल्ली अल्ट्रोझ रेसर. उत्तर सोपं आहे. चालते, आणि मजेत चालते. सलग किती वेळ, एवढंच आधी समजून घ्यायचं.

माझी पोलो जीटी टीएसआय १.२ लिटरची, १०५ पीएसची (पीएस म्हणजे जवळपास अश्वशक्तीच), कंपनीतून आली तशीच. कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ती पहिल्यांदा नेली तेव्हा तीन फेऱ्या झकास गेल्या. चौथीत जळका वास यायला लागला, तो मला पुढच्या गाडीचा वाटला. पाचवीत सरळ पट्टा संपताना ब्रेक दाबला आणि पेडल चिखलात पाय रुतावा तसं खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर थोडा ब्रेक लागला, तिसऱ्यांदा अजून थोडा. गाडी वळणाबाहेरच्या मातीत जाऊन थांबली. तिला ओरखडाही आला नाही, माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

रस्त्यावरची हॉट हॅच ट्रॅकवर ताकदीत कमी पडत नाही, ती तापते. आधी ब्रेक ऑइल, मग पुढचे टायर, मग टर्बोतून इंजिनात जाणारी हवा, मग गिअरबॉक्स. आणि अधेमधे कुठेतरी चालवणाराही. खालच्या सगळ्या पायऱ्या या तापण्याभोवतीच फिरतात.

गाडी कोणती, ट्रॅक कोणता

आपल्याकडे हॉट हॅच हा शब्द जरा सैल हातानेच वापरला जातो. २०१५ ची अबार्थ पुंतो १४५ अश्वशक्तीची, २०१६ ची तीन दारांची पोलो जीटीआय १९२ पीएसची, २०१७ ची बलेनो आरएस १०२ पीएसची, एन लाइन आणि अल्ट्रोझ रेसर प्रत्येकी १२० पीएसच्या. २०२५ मध्ये आलेली गोल्फ जीटीआय २६५ पीएसची, पण तिची किंमत ऐकून बरेच जण पुन्हा पोलोच्या जाहिराती बघायला लागतात. आपल्या १०५-१२० पीएसला कुणी हिणवलं तर त्याला सांगा, की हा प्रकार जिने जगभर रुजवला ती १९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय ११० पीएसचीच होती. तिचं वजन आपल्या गाड्यांपेक्षा बरंच कमी होतं, हे मात्र सांगू नका. पुणेकरांनी आणखी थोडी फुशारकी मारायला हरकत नाही: पोलो चाकणची, अबार्थ पुंतो रांजणगावची, अल्ट्रोझही पुण्यातलीच.

ताकदीच्या आकड्यापेक्षा मागच्या चाकात काय आहे ते आधी बघा. पुंतो, बलेनो आरएस, एन लाइन यांना मागेही डिस्क आहे. माझ्या पोलोला मागे ड्रम. पण नवख्याने त्यावरून मन खट्टू करून घेऊ नये. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं, आणि बहुतेक काम पुढच्याच डिस्क करतात.

ट्रॅक म्हणाल तर तीन नावं आधी माहीत हवीत. करी मोटर स्पीडवे सुमारे २.१ किमीचा, छोटा आणि वळणावळणाचा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा, ज्याला आपण अजून मद्रासचा ट्रॅक म्हणतो, तो ३.७ किमीचा आणि जास्त वेगाचा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किमीचा, १६ वळणांचा. २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन तिथेच झाली. पहिल्या वेळेला करीला जा. बुद्धवर सुमारे एक किलोमीटरचा सरळ पट्टा आहे, आणि त्याच्या शेवटी चढावर गाडी जवळपास संपूर्ण वळवायची असते. फॉर्म्युला वनसाठी आखलेल्या त्या जागेत छोटी हॅच हरवल्यासारखी वाटते. ब्रेकला मात्र तिथे चांगलाच घाम फुटतो. करीला वेग बेताचा, चूक झाली तरी ती बेताचीच. पुण्याहून बाराशेच्या आसपास किलोमीटर पडतात, म्हणजे परतीसह ट्रॅकवरच्या धावेपेक्षा कितीतरी जास्त धाव हायवेवरच होते. हे आत्ताच लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

ट्रॅक डेला, म्हणजे शर्यत न लावता आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, साधारणपणे नेहमीचं ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं. स्पर्धेत उतरायचं असेल तर एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचं लायसन्स लागतं, पण तो पुढचा विषय.

विम्याची पॉलिसी काढून वाचा

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून थोडक्यात. आपल्या मोटार विम्याच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा मजकूर असतो. शर्यत, वेगाची चाचणी, पेसमेकिंग असे वापर त्यात वगळलेले असतात. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च तुमचा. वॉरंटीतही मोटरस्पोर्टचा अपवाद असतो. माझा नियम साधा आहे: जी गाडी उद्या नसली तर घर अडेल, ती ट्रॅकवर न्यायची नाही. आणि ज्यांना वाटतं की एवढं सगळं करण्यापेक्षा रात्री दोनला रिंग रोड बरा, त्यांनी हा लेख इथेच सोडावा.

ब्रेक: इथे कंजुशी नको

एक हिशेब करून बघू. गाडी आणि माणूस मिळून १,२०० किलो. ताशी १५० वरून ६० वर यायचं. यात सुमारे पावणेनऊ लाख ज्यूल उष्णता तयार होते. घरातला दोन किलोवॅटचा गिझर सात मिनिटं चालू ठेवला तर एवढी उष्णता मिळते. ट्रॅकवर ती चार-पाच सेकंदांत ब्रेकमध्ये ओतली जाते, त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कमध्ये. कमी-जास्त वेगाने असे ब्रेक एका फेरीत तीन-चार वेळा लागतात, आणि पुढची फेरी लगेच सुरू. शहरात आपण एक जोराचा ब्रेक मारतो आणि मग सिग्नलला उभे राहतो. बोरघाट उतरताना मालाच्या ट्रकमागून येणारा वास आठवा. ट्रॅकवर तो ट्रक तुम्ही असता.

ही उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून पिस्टनमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये जाते. बहुतेक गाड्यांत डॉट ४ ऑइल असतं. नवं असताना ते किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण हे ऑइल हवेतला दमटपणा शोषतं. पाणी मुरलेल्या डॉट ४ साठी मानकातला किमान उत्कलनबिंदू आहे १५५ अंश. म्हणजे मुंबईत दोन पावसाळे काढलेल्या गाडीचं ऑइल आणि कालच भरलेलं ऑइल यांत ७५ अंशांपर्यंत फरक पडू शकतो, आणि शहरात चालवताना तो कधीच जाणवत नाही. ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पाय खाली जातो आणि गाडी पुढे.

म्हणून पहिलं काम: ट्रॅकच्या आठवडाभर आधी ब्रेक ऑइल बदला. ताजं डॉट ४ पुरतं, डॉट ५.१ मिळालं तर उत्तम, त्याचा नवा असतानाचा किमान आकडा २६० अंश आहे. डॉट ५ मात्र घेऊ नका. नाव पुढचं वाटलं तरी ते सिलिकॉनचं असतं, एबीएसच्या गाडीचं ते नव्हे.

आणि बदलताना समोर उभे राहा. माझ्या त्या पहिल्या ट्रॅकआधी एका गॅरेजच्या बिलात ‘ब्रेक ऑइल बदलले’ असं स्वच्छ लिहिलं होतं, पैसेही घेतले होते. करीहून परत आल्यावर दुसऱ्या फिटरने चाक काढलं आणि मला जवळ बोलावलं. कॅलिपरवरच्या ब्लीडिंग निपलची, म्हणजे जुनं ऑइल जिथून बाहेर काढतात त्या तोटीची, रबरी टोपी मातीने घट्ट चिकटली होती आणि खाली निपलच्या आट्यांवर गंज तसाच होता. तिला वर्षानुवर्षं पाना लागलेला नव्हता. फिटरने पारदर्शक नळी लावून पेडल दाबायला सांगितलं तेव्हा बाटलीत उतरलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. नवं ऑइल फिकट पिवळं असतं. चारही चाकांच्या नळीत तो फिकट रंग आणि शून्य बुडबुडे दिसेपर्यंत हलायचं नाही.

पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर नवे टाका आणि पाच-सातशे किलोमीटर रस्त्यावर चालवून बसू द्या. पातळ पॅड उष्णता अडवत नाही, सरळ पुढे ढकलतो. ट्रॅकचे खास कडक पॅड पहिल्या वेळेला नकोत. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत आणि सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना सिग्नलवर किंचाळतात.

ब्रेक दोन प्रकारे दगा देतात, आणि दोन्ही ओळखता यायला हवेत. पेडल मऊ होऊन खाली गेलं तर ऑइल उकळलंय. पटापट दोन-तीन वेळा दाबा, थोडा दाब परत येतो, आणि हळू चालवत आत या. पेडल दगडासारखं कडक आहे, पण गाडी थांबत नाही आणि झोंबणारा वास येतोय, तर पॅड त्याच्या तापमानाच्या पलीकडे गेलाय. या दुसऱ्या प्रकारात एक-दोन फेऱ्या सावकाश मारल्या की तो बराचसा सावरतो. पहिल्या प्रकारात त्या दिवसाचा भरवसा संपला असं समजा. ऑइल थंड झाल्यावर पेडल परत टणक लागेल आणि मन म्हणेल की झालं बरं. माझंही तसंच म्हणत होतं.

टायर आणि हवा

पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या हॅचचं निम्म्याहून बरंच जास्त वजन पुढच्या धुरीवर असतं. थांबवणं, वळवणं, ओढणं, तिन्ही कामं पुढच्या दोन टायरांची. मागचे दोघे पाहुण्यासारखे सोबत येतात. त्यातही घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर पुढचा डावा टायर सगळ्यात जास्त भोगतो, कारण उजव्या वळणात सगळं वजन त्याच्यावर झुकतं.

बरेच जण ट्रॅकसाठी नवेकोरे टायर टाकून येतात. करू नका. नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते, रबराचे उंच ठोकळे वळणात लवलवतात, तापतात आणि कडेने तुकडे पडतात. अर्धा झिजलेला, चार-पाच मिलिमीटर नक्षीचा टायर कोरड्या ट्रॅकवर जास्त ठाम वाटतो. त्याहून कमी नको, कारण परतीत पाऊस लागू शकतो. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. ‘३२२१’ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. पाच वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही असली तरी घरीच राहू द्या. बाजूला फुगा किंवा काप असेल तर त्यावर चर्चाच नको.

आता हवा. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो, हे शाळेत शिकलो होतो, ट्रॅकवर ते गेजमध्ये दिसतं. सकाळी ३० अंशांवर ३२ पीएसआय भरलेल्या टायरमधली हवा ८० अंशांवर गेली तर गेज जवळपास ४० दाखवतो. एवढ्या हवेला टायर मधोमध फुगतो आणि पकड जाते. मग जाणकार मित्र सांगतात, सकाळीच २६ करून जा. हेही चुकीचं. रस्त्यावरच्या टायरची बाजू मऊ असते. हवा कमी असेल तर वळणात टायर कडेवर लोळतो आणि नक्षीऐवजी खांदा घासतो.

यावर जुना, फुकटचा उपाय म्हणजे खडू. निघण्याआधी टायरच्या खांद्यावर, नक्षीच्या कडेपासून बाजूच्या भिंतीपर्यंत, तीन ठिकाणी खडूची जाड रेघ ओढा. बऱ्याच टायरांवर खांद्यापाशी एक बारीक त्रिकोण असतो, तो शोधून ठेवा. पाच फेऱ्यांनी आत आलात की बघा. खडू त्रिकोणाच्या आसपास पुसला गेला असेल तर हवा जमली. त्याच्याही खाली, भिंतीवर पुसला असेल तर टायर लोळतोय, दोन पीएसआय वाढवा. नक्षीच्या बाहेरच्या पट्टीवरचाही खडू शाबूत असेल तर हवा जास्त आहे, थोडी सोडा. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा पुढच्या डाव्या टायरवर त्रिकोण पार करून बोटभर खाली खडू गेलेला, आणि मागच्या दोन्ही टायरांवर रेघा जशाच्या तशा. पाहुणे.

स्वतःचा गेज आणि पंप न्या. कंपनीने सांगितलेल्या हवेने सुरुवात करा आणि आत आल्या आल्या, टायर गरम असतानाच, चारही मोजून वहीत लिहा. दिवसभरात सोडलेली हवा परत निघताना भरायला विसरलात तर थंड झाल्यावर टायर २५-२६ वर येतो आणि तशाच टायरवर तुम्ही बाराशे किलोमीटर हायवेला लागता.

इंजिन आणि गिअरबॉक्स

इंजिनाची काळजी लोक सगळ्यात जास्त करतात, आणि ते बिचारं सगळ्यात कमी त्रास देतं. इंजिन ऑइल ताजं हवं आणि काडीवर वरच्या खुणेजवळ, पण खुणेच्या वर नाही. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं, पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. कूलंट बघा. टाकी कायम निम्म्याहून जास्त भरलेली ठेवा, पेट्रोलही सरकतं. ट्रॅकवर अॅव्हरेज लिटरला चार-पाच किलोमीटरवर आलं तर गाडीला दोष देऊ नका.

तिसऱ्या-चौथ्या फेरीत गाडी सुस्तावल्यासारखी वाटेल. पिकअप तोच, पाय तोच, पण सरळ पट्ट्यावर आधीचा जोर नाही. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. तिला थंड करणारा इंटरकूलरही तापून जातो. गरम हवेने इंजिन खटखटू नये म्हणून संगणक स्पार्क मागे घेतो आणि ताकद कमी करतो. हा बिघाड नव्हे, गाडी स्वतःला वाचवतेय. एक फेरी सावकाश मारली की जोर परत येतो.

पाण्याच्या काट्यावर मात्र फार विसंबू नका. फोक्सवॅगनसारख्या गाड्यांत तो काटा मुद्दाम ९० वर स्थिर ठेवलेला असतो, तापमान थोडं वर-खाली झालं तरी हलत नाही. तो हलला म्हणजे उशीरच झालेला असतो. गाडीच्या संगणकाला जोडायचं स्वस्तातलं ओबीडी यंत्र लावून फोनवर कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघता येतं. फोन घट्ट बसवा, आणि बघायचं ते सरळ पट्ट्यावरच.

पोलोच्या १.२ लिटरवाल्या जीटीत सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, कोरड्या क्लचचा. सगळे त्याला घाबरवतात. खरं तर पूर्ण वेगात क्लच घट्ट मिटलेला असतो, घसरत नाही, म्हणून फारसा तापतही नाही. तापतो तो पिटच्या, म्हणजे ट्रॅकवर उतरायच्या जागेच्या रांगेत, इंचाइंचाने सरकताना. रांग थांबली की न्यूट्रल करा, पुढे तीन गाड्यांची जागा झाली की एकदाच पुढे घ्या. आणि ड्रॅग रेससारखी सुरुवात करून मित्रांना दाखवायचा मोह आवरा.

आदल्या रात्री

गाडी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पायाखालच्या चटया, कप होल्डरमधली टोलची नाणी, सीटखालची बाटली. सगळ्यात धोकादायक ती बाटली. ब्रेक मारला की पुढे येते आणि पेडलखाली अडकते. डॅशबोर्डवरचा गणपती दुहेरी टेपने चिकटवलेला असतो. तोही काढून रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवा. बाप्पांचा राग येणार नाही, वळणात ते उडून कुणाच्या डोळ्यावर आले तर मात्र सगळ्यांचाच येईल. आरशाला लटकवलेली लिंबू-मिरचीही उतरवा.

टो हुक आधीच लावून ठेवा. मातीत अडकलात तर ओढणाऱ्याला बंपर धरून ओढता येत नाही. फोक्सवॅगनचा हुक उलट्या आट्याचा असतो, डावीकडे फिरवून बसतो. ट्रॅकवर उन्हात उभं राहून हे शोधून काढणाऱ्या एकाला मी चांगलाच ओळखतो. चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, पोलोला १२० न्यूटन मीटर. पान्यावर पाय देऊन, उभं राहून घट्ट केलेलं चालत नाही.

पूर्ण चेहऱ्याचं आयएसआय हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पातळ तळव्याचे बूट. हेल्मेट घालून सीटवर बसून बघा. उंच माणसाचं डोकं छताला लागतं आणि सीट खाली घ्यावी लागते, हे सकाळी घाईत कळू नये.

पहिलं सत्र

सत्र साधारण पंधरा-वीस मिनिटांचं असतं. याचा अर्थ वीस मिनिटं पिळायची असा नाही. स्टॉक गाडीला मी हा हिशेब लावतो: एक फेरी गरम करायला, तीन जोरात, एक थंड करायला, आणि आत. करीवर फेरी दीड मिनिटाच्या आसपास पडते, म्हणजे सात-आठ मिनिटांत सगळं. शेजारची गाडी अजून फिरतेय म्हणून राहू नका. तिच्यात काय बदललंय ते तुम्हाला दिसत नाही.

पहिल्या सत्रात झेंडे दाखवणारे कुठे उभे आहेत ते पाठ करा. पिवळा म्हणजे पुढे अडचण, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, हळू आत या. निळा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे, आरसा बघा. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा, कुणाचं तरी ऑइल किंवा माती आली आहे.

चालवायचं तंत्र एका लेखात शिकवता येत नाही, जमल्यास पहिल्या तासाला शेजारी शिकवणारा बसवा. तरी पुढच्या चाकांच्या गाडीपुरती एक गोष्ट सांगतो, कारण ती टायर आणि ब्रेक दोन्ही वाचवते. ब्रेक सरळ रेषेत, एकदाच, ठाम. मग सोडत सोडत वळा. मग वाट बघा. ही वाट बघणंच अवघड आहे. मन म्हणतं पाय दाब, आणि दाबला की पुढचे टायर वळणं सोडून सरळ चालू लागतात. स्टिअरिंग अजून फिरवून उपयोग नसतो, घासणं तेवढं वाढतं. ॲक्सिलरेटर जरा सोडा, चाकं परत धरतात. किंचाळणाऱ्या टायरचा आवाज ऐकायला शिका: बारीक कुणकुण म्हणजे काम चालू आहे, भसाडा आक्रोश म्हणजे तुम्ही रबर फुकट जाळताय.

उलट बाजूही आहे. वेगाच्या वळणात घाबरून एकदम पाय उचलला तर वजन पुढे जातं, मागची बाजू हलकी होऊन बाहेर येते. प्यूजो २०५ जीटीआय याच गुणासाठी जगप्रसिद्ध आहे, आणि तिच्या अनेक मालकांना तो गुण कुंपणात जाऊन कळला. घसरणारी गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा बंद करायचं बटण असेल तरी त्याला हात लावू नका. आणि कुणी काढलेल्या फोटोत तुमच्या गाडीचं मागचं आतलं चाक हवेत दिसलं तर दचकू नका, कडक स्प्रिंगच्या हॅचचं ते नेहमीचंच. माझ्याकडे तो फोटो अजून आहे, घरात कुणाला दाखवलेला नाही.

आत आल्यावर

थंड करायची फेरी म्हणजे खरोखर थंड: वरचा गिअर, ब्रेकला जवळपास स्पर्श नाही. आत येऊन उभं राहिलात की हँडब्रेक लावायचा नाही. तापलेल्या डिस्कवर किंवा ड्रमवर तो एका जागी दाबून बसतो आणि उष्णता तिथेच कोंडते. मॅन्युअल असेल तर गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये ठेवा, आणि चाकाला दगड लावा. बॉनेट उघडा, एक-दोन मिनिटं इंजिन तसंच चालू राहू द्या, मग बंद करा. डिस्कवर पाणी मारू नका. लाल तव्यावर पाणी ओतल्यावर तवा जसा वाकतो तशीच डिस्कही वाकते.

मग सावलीत बसा. दक्षिणेतल्या उन्हात, हेल्मेट घालून, पंधरा मिनिटांत माणूस किती पाणी गमावतो ते शर्ट पिळल्यावर समजतं. ताक, लिंबू सरबत, मीठ-साखरेचं पाणी, काहीही घ्या. दुपारच्या सत्रांत चुका वाढतात, आणि त्या बहुतेक गाडीच्या नसतात. शेवटचं सत्र सोडून द्यायची सवय मी लावून घेतली आहे.

घरी जाताना

त्याच संध्याकाळी निघू नका. दिवसभर १४० बघितलेल्या डोळ्यांना हायवेवरचा १०० चाळीससारखा वाटतो, आणि समोरून उलट्या बाजूने येणाऱ्या ट्रॅक्टरला झेंडे माहीत नसतात. रात्र कोइंबतूरला काढा. सकाळी थंड टायरमध्ये हवा भरा, टायरच्या आतल्या बाजूवरून हात फिरवून काप नाही ना बघा, बोल्ट पुन्हा १२० वर तपासा, इंजिन सुरू करून ब्रेकचं पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरा. पाय हळूहळू खाली जात असेल तर आधी गॅरेज, मग हायवे.

पुण्याला आल्यावर पुढचे टायर मागे, मागचे पुढे करून घ्या. पॅड किती उरले ते मोजून वहीत लिहा, पुढच्या वेळी किती फेऱ्यांना किती झिजतात ते कळेल. ब्रेक ऑइल एकदा उकळलं असेल तर ते पुन्हा बदला, ट्रॅकआधीच बदललं होतं तरी. आणि बदलताना परत एकदा फिटरच्या शेजारी उभे राहा, निपलची टोपी निघताना बघा.